आदिजीव आणि त्यांचे मुख्य प्रकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान चौघांसाठी आहे: परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी, प्रात्यक्षिक घेणारे शिक्षक, गाईगुरे नि कोंबड्या पाळणारे शेतकरी, आणि तपासणीच्या रिपोर्टवर ‘सिस्ट’ हा शब्द वाचून धास्तावलेली माणसे. प्रश्न कुठलाही असो, आदिजीवांच्या बाबतीत आधी दोन गोष्टी विचाराव्यात: हा आदिजीव कोणता, आणि तो सध्या कोणत्या अवस्थेत आहे? बहुतेक चुका दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

आदिजीव म्हणजे नेमके काय? ते बॅक्टेरियाच ना?

नाही. बॅक्टेरियाही एकाच पेशीचे असतात, पण त्यांच्यात पटलाने वेढलेले केंद्रक नसते. आदिजीवाच्या पेशीत ते असते. पेशीची घडण आपल्या शरीरातल्या पेशीसारखीच, फक्त ती एकच पेशी खाते, हलते, मलमूत्र टाकते आणि स्वतःची संख्या वाढवते. बॅक्टेरियाभोवती असते तशी भिंत आदिजीवाभोवती नसते. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलिन ही औषधे नेमकी ती भिंत बांधण्याच्या कामात खोडा घालतात, म्हणून आदिजीवांवर त्यांचा काही परिणाम होत नाही.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूक यांनी १६७४ मध्ये स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाने तळ्याच्या पाण्यात हे जीव पाहिले, आणि १६८१ मध्ये पोट बिघडलेले असताना स्वतःच्याच शौचाच्या नमुन्यात आतड्यात राहणारा जिआर्डिया पाहिला. आदिजीवांना ‘प्रोटोझोआ’ हे नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गोल्डफुस यांनी १८१८ मध्ये दिले.

ते नुसत्या डोळ्यांना दिसतात का?

काही दिसतात. पॅरामिशिअम कॉडेटम १७० ते ३०० मायक्रॉन लांब असतो (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). काचेचे भांडे काळ्या कागदासमोर धरून बाजूने उजेड पाडला, तर तो पांढऱ्या सरकत्या ठिपक्यासारखा दिसतो. अमिबा प्रोटिअस अर्ध्या मिलिमीटरपर्यंत भरतो. तुतारीसारखा स्टेंटर पूर्ण ताणला की १ ते २ मिलिमीटरचा होतो. उलट हिवतापाचा परजीवी प्लास्मोडिअम आपल्या तांबड्या रक्तपेशीच्या पोटात राहतो, आणि ती पेशीच मुळात ७ ते ८ मायक्रॉनची असते.

मुख्य प्रकार किती? पुस्तकात चार सांगतात, इतरत्र भलतीच नावे दिसतात.

दोन्ही बरोबर आहेत, कारण दोन्हींचे निकष वेगळे आहेत. शाळा-कॉलेजातले चार गट ‘हा जीव हलतो कशाने?’ या एका प्रश्नावर पाडलेले आहेत.

सार्कोडिना, म्हणजे छद्मपाद असलेले. पेशीद्रव्य एका बाजूला ओतून ते तात्पुरता पाय काढतात आणि त्याच पायांनी भक्ष्य वेढून गिळतात. अमिबा, आमांश करणारा एन्टामिबा हिस्टोलिटिका, आणि चुन्याचे कवच बांधणारे फोरामिनिफेरा यांत येतात.

मॅस्टिगोफोरा, म्हणजे कशाभिका असलेले. चाबकाच्या वादीसारखी एक किंवा अनेक लांब कशाभिका. युग्लिना, जिआर्डिया (आठ कशाभिका, दोन केंद्रके, रंगवलेल्या स्लाइडवर दोन डोळे रोखून बघणाऱ्या चेहऱ्यासारखा दिसतो), ट्रायकोमोनास, ट्रिपॅनोसोमा, आणि काळा आजार करणारा लेश्मानिया. लेश्मानियाची कशाभिका सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीच्या पोटात असतानाच बाहेर दिसते. माणसाच्या पेशीत शिरला की तो गोल होतो आणि कशाभिका बाहेर उरत नाही.

सिलिओफोरा, म्हणजे पक्ष्माभिका असलेले. अंगभर बारीक केसांच्या रांगा, आणि त्या शेतातून वारा जावा तशा लाटेने हलतात. यांची केंद्रके दोन प्रकारची असतात: रोजचा कारभार पाहणारे बृहत्केंद्रक आणि आनुवंशिक ठेवा सांभाळणारे लघुकेंद्रक. पॅरामिशिअम, स्टेंटर, व्हॉर्टिसेला ही उदाहरणे. माणसाला रोग करणारा या गटातला एकच जीव, बॅलेंटिडिअम कोलाय, आणि तो बहुधा डुकरांकडून येतो.

स्पोरोझोआ, म्हणजे बीजाणू करणारे. हे सगळे परजीवी. पोहण्याचा अवयव नाही, पण टोकाला पेशीत शिरण्याची खास यंत्रणा असते. प्लास्मोडिअम, टॉक्सोप्लाझ्मा, क्रिप्टोस्पोरिडिअम, आयमेरिया, थायलेरिया, बॅबेसिया असे सगळे त्रासदायक गडी इथे एकत्र आहेत. ‘कशाभिका नाहीत’ हा नियमही पक्का नाही. प्लास्मोडिअमच्या नर युग्मकांना कशाभिका असतात. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीन इथे फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांना रुग्णाच्या रक्तात वळवळणारे धागे दिसले, ते हेच. हिवतापाचे कारण सजीव आहे हे त्यावरून त्यांनी ओळखले.

आजचे वर्गीकरण हालचालीवर अवलंबून नाही, ते जनुकांवरून लावलेल्या नात्यांवर आधारलेले आहे. त्या नात्यांनी जुन्या गटांची बरीच फोड केली. अमिबा अमिबोझोआत राहिला, पण फोरामिनिफेरा राय्झेरियात गेले. पॅरामिशिअम आणि प्लास्मोडिअम, दिसायला काहीच साम्य नसताना, अल्व्हिओलाटा या एकाच कुळातले निघाले. प्लास्मोडिअमच्या पेशीत तर लाल शैवालाकडून आलेल्या हरितलवकाचा अवशेष सापडतो. तो प्रकाशसंश्लेषण करत नाही, पण त्याच्याशिवाय परजीवी जगत नाही, आणि डॉक्सिसायक्लिन हे औषध त्याच अवशेषावर घाव घालते. रेशीमकिड्यांना पेब्रीन रोग करणारा नोसेमा पूर्वी स्पोरोझोआत मोजत, आता तो बुरशीच्या नात्यात गणला जातो.

मग परीक्षेत काय लिहायचे?

अभ्यासक्रमात जे आहे ते. व्हिटाकर यांच्या १९६९ च्या पंचसृष्टी पद्धतीत आदिजीव प्रोटिस्टा सृष्टीत येतात. त्याखाली वरचे चार गट, प्रत्येकी हालचालीचे साधन आणि दोन उदाहरणे लिहा. ‘पॅरामिशिअमला कशाभिका असतात’ आणि ‘युग्लिना ही वनस्पती आहे’ या दोन वाक्यांवर सर्वाधिक गुण जातात. युग्लिनाला हरितलवके असतात, पण अंधारात तो विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगतो आणि त्याला वनस्पतीसारखी पेशीभित्ती नसते.

पुटी म्हणजे काय? रिपोर्टमध्ये ‘सिस्ट’ आणि ‘ट्रोफोझोइट’ असे दोन शब्द का असतात?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. बऱ्याच आदिजीवांच्या दोन अवस्था असतात. ट्रोफोझोइट ही खाणारी, हलणारी, वाढणारी अवस्था. ती नाजूक असते. शरीराबाहेर पडली की थंडी, कोरडेपणा, पोटातले आम्ल यांपुढे तिचा टिकाव लागत नाही. पाणी आटू लागले, अन्न संपले किंवा आतड्यात पुढे ढकलले जाताना विष्ठा घट्ट होऊ लागली, की पेशी गोल होते, पाणी काढून टाकते आणि भोवती चिवट आवरण घेते. ही पुटी, म्हणजेच रिपोर्टमधली ‘सिस्ट’. ती खात नाही, हलत नाही, पण ओल्या गार जागी कित्येक आठवडे तग धरते.

एन्टामिबा हिस्टोलिटिकाची पक्व पुटी १० ते २० मायक्रॉनची आणि चार केंद्रकांची असते. जिआर्डियाची लंबगोल, ८ ते १२ मायक्रॉनची. रोग पसरतो तो पुटीमुळे, रुग्णाला त्रास होतो तो ट्रोफोझोइटमुळे. म्हणून पातळ जुलाबात हलणारे ट्रोफोझोइट सापडतात आणि बांधीव शौचात पुट्या. ज्याला काहीच त्रास नाही असा माणूस रोज पुट्या टाकत असू शकतो, आणि तोच स्वयंपाक करत असला तर घरभर आमांश फिरत राहतो.

सगळ्यांना पुटी असते असे मात्र समजू नका. योनिमार्गात राहणाऱ्या ट्रायकोमोनासला खरी पुटी नसते, म्हणून तो पाण्यातून पसरत नाही, शरीरसंबंधांतून पसरतो आणि जोडीदारालाही उपचार लागतात.

एकच पेशी, मग ती पाणी बाहेर कशी टाकते?

गोड्या पाण्यात राहणाऱ्या पेशीत पाणी सतत आत झिरपते, कारण आतले द्रव बाहेरच्यापेक्षा दाट असते. संकोचशील रिक्तिका, म्हणजे पेशीतली आकसणारी पिशवी, ते गोळा करून बाहेर फेकते. पॅरामिशिअममध्ये अशा दोन असतात आणि साधारण १० ते २० सेकंदांत एकदा आकसतात. वर्गात करण्याजोगा सोपा प्रयोग: साध्या पाण्यातल्या पॅरामिशिअमच्या रिक्तिकेचे दहा ठोके घड्याळावर मोजा, मग थेंबाच्या कडेला ०.५ टक्के मिठाच्या पाण्याचा छोटा थेंब जोडून पुन्हा मोजा. ठोके मंदावतात. मीठ जास्त झाले तर पेशी सुरकुतते आणि प्रयोग तिथेच संपतो.

त्यांची संख्या कशी वाढते?

बहुतेक वेळा एकाचे दोन होऊन. पॅरामिशिअम आडवा दुभंगतो, युग्लिना उभा, अमिबा कसाही. दोन पॅरामिशिअम चिकटून लघुकेंद्रकांची देवाणघेवाण करतात ते संयुग्मन. त्या वेळी संख्या वाढत नाही, आनुवंशिक सामग्री बदलते. स्पोरोझोआतले बरेच जण एकाचे दोन करत बसत नाहीत. हिवतापाचा परजीवी रक्तपेशीत आधी केंद्रकाचेच तुकडे पाडतो आणि मग एकदम डझन-दोन डझन पिल्ले करून पेशी फोडतो.

शाळेत किंवा घरी पॅरामिशिअम वाढवायचा कसा?

साहित्य: भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत १० ग्रॅम, पाणी १ लिटर, रुंद तोंडाची काचेची बरणी, मलमलचे फडके, तळ्याचे किंवा डबक्याचे पाणी ५० मिलिलिटर.

नळाचे पाणी असेल तर आधी २४ तास उघडे ठेवा, क्लोरीन उडून जाऊ द्या. पेंढ्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून १० ते १५ मिनिटे उकळा. चहासारखा रंग आला की पुरे. बरणीत ओतून, फडके बांधून एक-दोन दिवस सावलीत ठेवा. पाणी गढूळ होईल. ते बॅक्टेरिया, आणि पॅरामिशिअमचे अन्न तेच. आता तळ्याचे पाणी घाला. हे पाणी काठाजवळून, कुजकी पाने आणि पाणवनस्पती यांच्यामधून घ्यावे. मधल्या स्वच्छ पाण्यात फारसे काही मिळत नाही.

२० ते २७ अंश सेल्सिअस तापमानाला आणि थेट उन्हापासून दूर ठेवल्यास आधी अगदी बारीक कशाभिकाधारी दिसतात, मग मूत्रपिंडाच्या आकाराचा कोल्पोडा, आणि आठवड्याभरात पॅरामिशिअम. अमिबा सगळ्यांत शेवटी, बरणी जुनी होऊ लागल्यावर येतो.

काय बिघडते? सडक्या अंड्यासारखा वास आला तर पेंढा जास्त झाला आहे. बॅक्टेरियांनी प्राणवायू संपवला. निम्मे पाणी काढून ताजे घाला. पाणी हिरवे झाले तर बरणीला ऊन लागते आहे. उड्या मारणारे, डोळ्यांना सहज दिसणारे कण दिसले तर ते जलपिसू किंवा सायक्लॉप्स, आणि ते पॅरामिशिअम फस्त करतात. पुढच्या वेळी तळ्याचे पाणी आधी दुहेरी मलमलमधून गाळा. चांगले वाढवण मिळाले की दर तीन-चार आठवड्यांनी त्यातले थोडे नव्या पेंढ्याच्या पाण्यात टाकत राहा, सोबत उकळलेले चार-पाच गव्हाचे दाणे. एकाच बरणीवर विसंबलात तर ऐन प्रात्यक्षिकाच्या आठवड्यात ती मरते.

काम संपल्यावर हात साबणाने धुवा आणि उरलेले पाणी उकळून टाका. डबक्याच्या पाण्यात पॅरामिशिअमशेजारी इतरही काही असू शकते.

स्लाइडवर ते पळतात, नीट दिसतच नाहीत. काय करू?

थेंब बरणीच्या मधून घेऊ नका. पृष्ठभागावरच्या सायीच्या लगेच खालून, काचेच्या कडेने घ्या. पॅरामिशिअम तिथे जमतो. थेंबात कापसाचे चार-पाच धागे विंचरून टाका आणि मग कव्हरस्लिप ठेवा. धाग्यांच्या पिंजऱ्यात तो अडकतो. १० पटीच्या वस्तुभिंगाने सुरुवात करा आणि कंडेन्सरखालचे छिद्र लहान करा. रंग न दिलेले आदिजीव पारदर्शक असतात, उजेड जितका भगभगीत तितके ते नाहीसे होतात. ‘काहीच दिसत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

पचन दाखवायचे असेल तर ३ ग्रॅम यीस्ट आणि ३० मिलिग्रॅम काँगो रेड (आम्लात रंग बदलणारे रंगद्रव्य) १० मिलिलिटर पाण्यात घालून दहा मिनिटे मंद उकळा. सुईच्या टोकाएवढे थेंबात मिसळा. यीस्ट गिळताना अन्न रिक्तिका लाल असते. थोड्या मिनिटांत आत आम्ल सुटते आणि ती निळसर होते, पुढे आम्ल कमी होताना पुन्हा लालसर. एका पेशीतले पचन रंगाने दाखवणारा याहून सुंदर प्रयोग शाळेच्या आवाक्यात दुसरा नाही.

पिण्याच्या पाण्यातल्या पुट्या कशाने मरतात?

उकळीने, खात्रीने. पाणी खळखळून उकळू लागल्यापासून एक मिनिट पुरते. समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे उकळावे लागते, पण कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे, तेव्हा महाराष्ट्रात कुठेही एक मिनिट पुरे.

तुरटी गाळ खाली बसवते, पुट्या मारत नाही. क्लोरीनची नेहमीची मात्रा पटकी-विषमज्वराच्या बॅक्टेरियांना मारते, पण एन्टामिबा आणि जिआर्डियाच्या पुट्या तिला दाद देत नाहीत आणि क्रिप्टोस्पोरिडिअम तर मुळीच नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्यामुळे सुमारे चार लाख लोकांना क्रिप्टोस्पोरिडिअमचे जुलाब झाले. क्रिप्टोस्पोरिडिअमचे बीज ४ ते ६ मायक्रॉनचे असते, म्हणून गाळणीची छिद्रे खरोखर १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक हवीत. साडीच्या चौपदरी फडक्याने मोठे जीव अडतात, पुट्या अडत नाहीत. अतिनील दिव्याची यंत्रे चालतात, पण पाणी निवळ असेल तरच. गढूळ पाण्यात पुटी कणांच्या सावलीत वाचते.

आणि पाणी चोख असूनही कोथिंबीर, पाणीपुरीचे पाणी, नखांखालचा मळ यांतून पुटी पोटात जाते. पालेभाजी वाहत्या पाण्यात एक-एक जुडी सोडून धुवा. कच्ची खायची नसेल तर शिजवल्याने प्रश्नच मिटतो.

शौच तपासणीला नमुना कसा द्यावा?

लघवी किंवा संडासातले पाणी त्यात मिसळू देऊ नका, त्याने ट्रोफोझोइट मरतात. पातळ जुलाब असेल तर अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचवा. ट्रोफोझोइट हलताना दिसला तरच पटकन ओळखता येतो. रक्त किंवा आव असलेला भाग मुद्दाम घ्या. पुट्या रोज पडत नाहीत, म्हणून एक नमुना ‘नॉर्मल’ आला म्हणजे सुटका झाली असे नाही. एक दिवस आड असे तीन नमुने देणे चांगले. औषध सुरू करण्याआधी द्या.

एक बारकावा: एन्टामिबा डिस्पार नावाचा निरुपद्रवी भाऊ सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब हिस्टोलिटिकासारखा दिसतो. पोटात तांबड्या रक्तपेशी गिळलेला ट्रोफोझोइट दिसला तर संशय पक्का होतो. नाहीतर अँटिजेन किंवा पीसीआर तपासणी लागते. ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर यकृतात अमिबाचे गळू असू शकते. अशा वेळी शौच तपासणी बऱ्याचदा स्वच्छ येते, सोनोग्राफीच करावी लागते.

मेट्रोनिडाझोलचा कोर्स पूर्ण केला, तरी आमांश परत का आला?

मेट्रोनिडाझोल ऊतींत घुसलेल्या ट्रोफोझोइटना मारते, आतड्याच्या पोकळीतल्या पुट्यांवर ते दुबळे आहे. म्हणून डॉक्टर त्यामागून डायलोक्झानाइड फ्युरोएट किंवा पॅरोमोमायसिनसारखे पोकळीत काम करणारे औषध देतात. दुसरे औषध ‘आता बरे वाटते’ म्हणून सोडणे हे आजार परतण्याचे मोठे कारण. दुसरी शक्यता अशी की घरातल्याच कुणाकडून पुन्हा लागण झाली. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू पूर्ण वर्ज्य.

हिवताप बरा होऊन महिन्यांनी पुन्हा का येतो?

माणसाला हिवताप देणाऱ्या प्लास्मोडिअमच्या पाच जाती आहेत: व्हायव्हॅक्स, फाल्सिपेरम, मलेरी, ओव्हाले आणि नोलेसी. व्हायव्हॅक्स आणि ओव्हालेचे काही परजीवी यकृतात निद्रिस्त पडून राहतात. क्लोरोक्विन रक्तातले परजीवी साफ करते, झोपलेल्यांना हातही लावत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन असते, आपल्याकडे व्हायव्हॅक्ससाठी १४ दिवस. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि उरलेल्या गोळ्या कपाटात राहतात, मग काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा कुडकुडतो. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांना प्रायमाक्विन देत नाहीत, आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी त्याने फुटतात, म्हणून गोळी परस्पर घेऊ नका.

रक्त कधी द्यायचे? ताप आल्याबरोबर, औषधाआधी. थंडी भरण्याची वाट बघू नका. पहिली तपासणी नकारात्मक आली आणि ताप चालूच राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा द्या. जाड थराच्या काचपट्टीवर परजीवी आहे की नाही ते कळते, पातळ थरावर त्याची जात कळते. फाल्सिपेरमची झटपट पट्टी बरे झाल्यावरही काही आठवडे होकारार्थी येऊ शकते, त्यामुळे उपचार लागू पडला का हे तिच्यावरून ठरवू नये.

परजीवीच्या जीवनचक्राचा डासाच्या पोटातला भाग ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत दिसला. डासाने परजीवी घेतल्यापासून तो पुढे देण्याजोगा होईपर्यंत, २५ अंशांच्या आसपास, १० ते १४ दिवस जातात. मुंबईसारख्या शहरात हिवतापाचा डास ॲनाफिलिस स्टीफेन्सी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत अंडी घालतो, गटारात नाही. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर किंवा थोडे जास्त लागते, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी-टाक्या रिकाम्या करून सुकवण्याचा दिवस.

जलनेती करताना ‘मेंदू खाणाऱ्या अमिबाची’ भीती खरी आहे का?

दुर्मीळ आहे, पण खरी आहे. निग्लेरिया फाऊलेरी हा कोमट गोड्या पाण्यात, ४६ अंशांपर्यंतही वाढणारा अमिबा. हे पाणी गिळल्याने काही होत नाही. नाकात वर चढले तर गंधाच्या मज्जातंतूने तो मेंदूत जातो आणि बहुतेक रुग्ण दगावतात. केरळात २०२४ मध्ये अमिबाजन्य मेंदूज्वराचे अनेक रुग्ण आढळले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या दोघांचा मृत्यू झाला. नेतीच्या पाण्यात मीठ असते, पण तेवढ्या मिठाने तो मरत नाही. पाणी एक मिनिट उकळून, झाकून कोमट करा, तेच वापरा. नेतीचे भांडे त्याच पाण्याने धुऊन कोरडे ठेवा. उन्हाळ्यात आटलेल्या, तापलेल्या डबक्यात सूर मारताना नाक दाबा. पोहून आल्यावर काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, मान ताठ झाली तर पोहल्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घरात मांजर आहे आणि सुनबाई गरोदर आहे. मांजर सोडून द्यावे का?

नको. टॉक्सोप्लाझ्माचे बीज मांजराच्या विष्ठेतून पडते, पण पडल्यानंतर संसर्गक्षम व्हायला त्याला १ ते ५ दिवस लागतात. मातीची पेटी दुसऱ्या कुणीतरी रोज साफ केली की धोका फार कमी होतो. मांजराला कच्चे मांस देऊ नका. घरात मटण पूर्ण शिजवा, कच्चे मटण कापल्यावर हात आणि विळी धुवा, बागेत हातमोजे घाला. जिला पूर्वीच संसर्ग होऊन गेला आहे तिच्या बाळाला सहसा धोका नसतो. पहिला संसर्ग गरोदरपणात होणे हीच काळजीची गोष्ट.

गाई-म्हशींना कोणते आदिजीव त्रास देतात?

तीन नावे लक्षात ठेवा. सर्रा हा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या परजीवीमुळे होतो आणि चावऱ्या घोडमाश्या तो पसरवतात. येऊन-जाऊन ताप, रक्त कमी होणे, कधी गोल गोल फिरणे. रक्ताची काचपट्टी ताप चढलेला असतानाच घ्यायला सांगा, एरवी परजीवी रक्तात सापडत नाही. थायलेरिया गोचिडांतून येतो, संकरित गाईंना जास्त: १०५-१०६ फॅरनहाइट ताप आणि खांद्यासमोरची गाठ फुगलेली. बॅबेसियाही गोचिडांतून येतो. लघवी कॉफीसारखी लालसर झाली की एक दिवसही थांबू नका. तिन्हींची औषधे वेगळी आहेत, म्हणून आधी काचपट्टी आणि मग इंजेक्शन. गोचिडांचे औषध जनावराच्या अंगाला लावले आणि गोठ्याच्या भिंतींच्या फटी तशाच राहिल्या, तर पुढच्या पिढीची गोचीड तिथूनच येते.

सर्रा माणसाला होत नाही असे मानत. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला. या परजीवीला मारणारे अपोएल-१ नावाचे प्रथिन माणसाच्या रक्तात असते, त्याच्यात ते कार्यक्षम नव्हते. सुरामिनच्या उपचाराने तो बरा झाला. इतरांनी घाबरण्याचे कारण नाही.

पिल्लांना रक्ती हगवण लागली. शेड फिनाइलने धुतले तरी थांबत नाही.

ही हगवण बहुधा आयमेरियामुळे होते, आणि त्याच्या बीजाचे कवच नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. त्याला ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ते संसर्गक्षम होते, म्हणून लढाई गादीच्या, म्हणजे शेडमध्ये पसरलेल्या तुसाच्या, ओलीशी आहे. तुसाची मूठ आवळून सोडा: गोळा तसाच राहिला तर गादी फार ओली, हलकेच सुटला तर ठीक. गळणारी पाण्याची भांडी दुरुस्त करा, त्यांच्याभोवतालचे ओले तूस काढून टाका, गादी रोज हलवा. तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले सर्वाधिक बळी पडतात. मेलेले पिल्लू पशुवैद्याकडे उघडून घ्या. आंधळ्या आतड्यात रक्त भरलेले असेल तर आयमेरिया टेनेला. पाण्यातून अँप्रोलिअम देतात, मात्रा त्यांनी सांगितलेलीच. बॅच गेल्यावर सगळी गादी शेडबाहेर काढून ढीग लावून तापू द्या.

सगळे आदिजीव वाईटच का?

बहुसंख्य आदिजीवांचा आपल्या आजारपणाशी संबंध नाही. गाईच्या पोटातल्या एका मिलिलिटर द्रवात साधारण एक ते दहा लाख पक्ष्माभिकाधारी असतात. ते वासराला जन्मतः मिळत नाहीत, मोठ्या जनावरांच्या लाळेतून येतात. लाकूड खाणाऱ्या काही वाळव्यांच्या आतड्यात ट्रायकोनिंफासारखे कशाभिकाधारी लाकूड पचवतात आणि ते काढून टाकले तर लाकूड खाऊनही वाळवी उपाशी मरते. आपल्या माळरानावर वारुळे बांधणाऱ्या वाळवीत मात्र ते नसतात, ती बुरशी पिकवून तिच्यावर जगते.

समुद्रातल्या फोरामिनिफेरांच्या कवचांचे थर दाबले जाऊन दगड होतात. गिझाच्या पिरॅमिडच्या दगडात नाण्यासारखे न्युम्युलाइट दिसतात, तेही फोरामिनिफेराच. मुंबईतल्या जुन्या इमारतींना लागलेला पोरबंदरी दगडही याच कवचांनी भरलेला आहे, भिंगातून पाहिला तर बारीक गोळे ओळखू येतात. गोव्यात दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरतळाच्या गाळातल्या फोरामिनिफेरांवरून जुन्या काळचा मान्सून वाचण्याचे काम होते.

कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात, तेही आदिजीवच?

हो, बहुधा नॉक्टिल्युका. फुग्यासारखा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, साध्या डोळ्यांना साबुदाण्याच्या कणीसारखा दिसणारा कशाभिकाधारी. पाणी ढवळले की पेशीत रासायनिक क्रिया होऊन क्षणभर उजेड पडतो, म्हणून लाट फुटते तिथे आणि पावलाच्या ठशात चमक दिसते. हात घातला तर अपाय नाही. पण दिवसा तेच पाणी लाल किंवा हिरवट दाट दिसत असेल तर थवा फार मोठा आहे. तो कुजताना प्राणवायू कमी होतो आणि अमोनिया सुटतो. अशा पाण्यात मेलेले मासे तरंगत असतील तर ते उचलून खाऊ नयेत. पाहायला जायचे तर अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा, मोबाइलचा दिवा बंद करा आणि डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटे द्या.